भाषा संपते, बोलणारे उरतात, असे का?

नायजेरियाच्या बाउची राज्यातली अजावा ही चाडिक भाषा १९२० ते १९४० च्या दरम्यान संपली. ती बोलणारा समाज मात्र संपला नाही. तो हौसा बोलू लागला. याच राज्यातल्या लुरीचे २००४ मध्ये अवघे दोन भाषक उरल्याची नोंद आहे.

विशेष म्हणजे, हौसाही चाडिकच. म्हणजे इथे लहान भाषेची जागा इंग्रजीने नव्हे, थोरल्या बहिणीने घेतली. बाजार, रेडिओ हौसात. मग आई-वडील मुलांशीही तीच बोलतात. पोटापाण्याची भाषा निवडली म्हणून त्यांना दोष कसा द्यायचा?

जबाबदारी सरकारची आहे. पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे २०२२ चे धोरण नायजेरियाने २०२५ मध्ये रद्द केले. रेकॉर्डिंगने आवाज जपता येतो. भाषा टिकायची तर ती मुलांच्या तोंडीच हवी.