घर कशास म्हणावें?

करारनाम्यांतील शब्द व नित्याच्या बोलण्यांतील शब्द दिसावयास एकच असले, तरी त्यांचा अर्थ एकच असतो असें नाहीं. बोलण्यांत शब्दाचा अर्थ रूढीनें ठरतो. करारनाम्यांत तो लिहिणाऱ्याच्या व्याख्येनें ठरतो. हा भेद ध्यानांत न राहिल्यामुळें अलीकडे चांगल्या सुशिक्षित घरांतूनही एक नवीनच गैरसमज उत्पन्न होऊं लागला आहे. थोरला मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, धाकटा नागपुरास वसतिगृहांत, आणि आईवडील मिरजेस जुन्या घरीं, अशी आज पुष्कळ कुटुंबांची स्थिति आहे. चित्रपट व मालिका इंटरनेटवरून दाखविणाऱ्या एखाद्या कंपनीची वर्गणी थोरला भरतो आणि तिचा लाभ तिन्ही ठिकाणीं घेतला जातो. मग एके दिवशीं मिरजेच्या टी. व्ही.वर सूचना उमटते कीं, हा संच या खात्याच्या घरांतला नव्हे. आईस वाटतें, मुलानेंच आपणांस वगळलें. मुलास वाटतें, कंपनीनें फसविलें. वस्तुस्थिति काय आहे, हें शांतपणें पाहणें बरें.

नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीचें उदाहरण घेऊं. ती भारतांत जानेवारी २०१६ मध्यें आली. आपला पासवर्ड दुसऱ्यास देणें हेंच प्रेम, अशा आशयाचें वाक्य तिनें स्वतःच मार्च २०१७ मध्यें ट्विटरवर प्रसिद्ध केलें होतें. पांच वर्षांत वारें फिरलें. एप्रिल २०२२ मध्यें भागधारकांस लिहिलेल्या पत्रांत तिनें सांगितलें कीं, वर्गणी भरणारीं कुटुंबें सुमारें २२ कोटि असून, त्यांच्या खात्यांवर आणखी १० कोटींहून अधिक कुटुंबें पैसे न देतां पाहत आहेत. त्यापूर्वीं एक महिना चिली, कोस्टारिका व पेरू या देशांत जादा आकार घेण्याच्या प्रयोगाची घोषणा झाली होती. २३ मे २०२३ रोजीं अमेरिकेंत व २० जुलै २०२३ रोजीं भारतांत हा निर्बंध आला. अमेरिकेंत दरमहा ७.९९ डॉलर अधिक भरून बाहेरच्या एका माणसास खात्यांत घेण्याची सोय ठेविली. भारतांत ती त्या वेळीं दिली नाहीं. कारण पुष्कळशा देशांतील दर आम्हीं नुकतेच उतरविले आहेत, असें कंपनीचें म्हणणें होतें. येथील चार पडद्यांची वर्गणी डिसेंबर २०२१ मध्यें ७९९ रुपयांवरून ६४९ रुपयांवर आणली होती, हें खरें आहे.

आतां मूळ मुद्दा असा कीं, या करारांत 'घर' म्हणजे काय? ज्या मुख्य जागीं आपण कार्यक्रम पाहतां, त्या जागेच्या इंटरनेटला जोडलेलीं यंत्रें, तें घर. इंटरनेटचा पत्ता, यंत्राची खूण व खात्याचा वापर यांवरून तें ओळखलें जातें. नातें कोणी विचारीत नाहीं. एका बिऱ्हाडांत राहणारा, रक्ताचा संबंध नसलेला सोबती घरचा ठरतो, आणि मिरजेची सख्खी आई बाहेरची ठरते! 'चार पडदे' या शब्दांनींही पुष्कळांची फसगत होते. एकाच वेळीं चार यंत्रांवर पाहतां येईल, एवढाच त्याचा अर्थ. चार घरें, असा नव्हे.

घर या शब्दाचें असें निरनिराळें माप पूर्वींपासून चालत आलें आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेवर आधारलेल्या हिंदु कायद्यांत अविभक्तपणाचा संबंध जन्माशीं आहे. एक भाऊ परगांवीं राहिला एवढ्यानें तो विभक्त होत नाहीं. जनगणनेचें माप स्वयंपाकघर आहे. एकत्र राहून एका चुलीवरचें जेवणारे ते एक कुटुंब. रेल्वेचें आरक्षित तिकीट दुसऱ्यास देतां येत नाहीं. परंतु गाडी सुटण्यापूर्वीं २४ तास अर्ज केल्यास तें आईवडील, भाऊबहीण, मुलगामुलगी वा पतिपत्नी यांच्या नांवें करून मिळतें. तेथें कोण कोणत्या छपराखालीं राहतो, हें कोणी पुसत नाहीं. उलट स्पॉटिफाय या संगीत ऐकविणाऱ्या कंपनीची 'फॅमिली' वर्गणी नांवानें कुटुंबाची असली, तरी तींतील सहाही जण एकाच पत्त्यावर राहणारे असले पाहिजेत. सारांश, कोठें रक्त, कोठें चूल, कोठें पत्ता, तर कोठें इंटरनेटची तार.

यावर कोणी म्हणेल, आम्ही विकत घेतलेलें मासिक शेजारच्या चार घरीं फिरतें, त्यास कोणी चोरी म्हणत नाहीं; मग यांतच पाप कोणतें? आक्षेप सहज सुचण्यासारखा आहे. परंतु तो टिकत नाहीं. मासिकाचा अंक आपल्या मालकीचा होतो, आणि तो शेजारीं दिला तेवढा वेळ आपल्याजवळ राहत नाहीं. येथें मालकी कशाचीच मिळत नाहीं. पाहण्याची परवानगी तेवढी मिळते, आणि ती हस्तांतर करतां येत नाहीं असें करारांतच लिहिलेलें असतें. तथापि दोष एकट्या ग्राहकाचा आहे, असेंही आम्हांस म्हणवत नाहीं. जी चाल आपण गोड शब्दांनीं वाढूं दिली, तीच पुढें मोडावयाची असेल, तर ती कशामुळें मोडली हें लोकांच्या भाषेंत सांगणें कंपनीचेंही कर्तव्य आहे. 'घर' हा शब्द आपल्या माणसांस फार जवळचा. तो तांत्रिक अर्थानें वापरणाराानें दुप्पट स्पष्ट बोललें पाहिजे.

गृहस्थांनीं काय करावें? वर्गणी भरण्यापूर्वीं घरांतील इंग्रजी जाणणाऱ्यानें नियम वाचून सर्वांस मराठींत समजावून सांगावे. प्रत्येक कंपनीचे नियम निराळे असतात, म्हणून एकीचा अनुभव दुसरीस लावूं नये. दोन बिऱ्हाडें असतील तर आईवडिलांसाठीं निराळी लहान वर्गणी घ्यावी, किंवा ती न घेण्याचें एकमतानें ठरवावें. ऑक्टोबर २०२२ पासून नेटफ्लिक्सवर, पाहिलेल्या व निवडून ठेवलेल्या कार्यक्रमांची यादी नवीन खात्यावर नेतां येते. त्यामुळें म्हातारपणीं पुन्हां पहिल्यापासून शोधाशोध करावी लागत नाहीं. नियम चुकविण्याच्या युक्त्या मात्र मुलांदेखत करूं नयेत. परीक्षेंत दुसऱ्याचें पाहून लिहूं नको, असें ज्यास आपण सांगतों, तोच आपल्या शेजारीं बसून हें पाहत असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, खातें बंद करावयाचें तर आधीं घरीं कळवावें. दरमहा दोन-तीनशें रुपयांचा प्रश्न पैशानें सुटतो. परंतु पडद्यावरची सूचना वाचून वृद्ध मातेच्या मनांत जी शंका येते, ती मुलाच्या एका फोनानेंच जाते. कंपनीनें खात्याचें घर कोणतें तें खुशाल ठरवावें. आईचें घर कोणतें, हें मुलानें तिला वेळेवर सांगावें.