मैदान हलवताना पहाट विसरू नये

जुन्या क्रीडा संकुलाच्या पुनर्विकासाची चर्चा बहुधा नव्या प्रेक्षागॅलरीभोवती फिरते, आणि बांधकाम चालू असेपर्यंत खेळाडूंनी जायचे कुठे, हा पर्यायी मैदानाचा प्रश्न कंत्राट दिल्यानंतर आठवतो. वानखेडे मैदानाची पुनर्बांधणी चालू असताना 2010 च्या आयपीएलमध्ये मुंबई संघाचे घरचे सामने ब्रेबॉर्नवर झाले. दोन्ही मैदाने चर्चगेट स्थानकापासून पायी अंतरावर असल्याने ती सोय निभावली.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत मात्र हा प्रश्न सामन्यांपेक्षा सरावाचा अधिक आहे, कारण पोलीस आणि वनरक्षक भरतीची तयारी करणारी मुले-मुली हेच येथील मैदानांचे रोजचे हक्कदार आहेत. पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना 1600 आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते, म्हणजे 400 मीटरच्या धावपट्टीवर अनुक्रमे चार आणि दोन फेऱ्या. गुण वेळेवर ठरत असल्याने चुन्याने मोजून आखलेली धावपट्टी नसेल तर सरावाला अर्थ उरत नाही. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात हा सराव उजाडताच सुरू होऊन ऊन चढण्याआधी आटोपावा लागतो, त्यामुळे अंधारात सायकलने गाठता येईल तेवढेच मैदान कामाचे असते.

बल्लारपूरजवळच्या विसापूर संकुलाचे नाव येथे साहजिकच पुढे येते. तेथे डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या आणि स्पर्धांसाठी ते उत्तमच आहे, परंतु चंद्रपूरच्या वस्त्यांतून रोज पहाटे तेथे पोहोचणे मजुरांच्या मुलांना परवडणारे नाही. शहराच्या कडेची मोकळी जागाही निर्धोक नाही. दुर्गापूर-ऊर्जानगर भागात 2022 मध्ये वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. गडचिरोलीत तर बरीचशी मोकळी दिसणारी जागा वनजमीन असते, आणि 1980 च्या वन संरक्षण कायद्यानुसार तिच्या वनेतर वापराला, म्हणजे जंगलाव्यतिरिक्त अन्य कामासाठी ती घेण्याला, केंद्राची पूर्वपरवानगी लागते.

मैदान नसले की मुले रस्त्यावर धावतात. गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटलीजवळ 7 ऑगस्ट 2025 रोजी पहाटे व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले आणि चौघांचा जीव गेला, याहून मोठा पुरावा कोणत्याही नियोजन बैठकीला लागू नये.

त्यामुळे पर्यायी जागा एकच आणि भव्य असण्याचा आग्रह सोडून वस्तीतल्या शाळा-महाविद्यालयांची मैदाने सकाळच्या वेळी लेखी करार करून खुली करावीत, तेथे दिवे, पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह यांची सोय करावी, आणि मूळ संकुलाचे काम टप्प्यांनी घेऊन त्याचा निम्मा भाग चालू ठेवावा. बदली धावपट्टी आखून तयार होईपर्यंत जिल्हा प्रशासनाने जुन्या मैदानाच्या फाटकाला कुलूप लावू नये.