घराची वाटणी आणि म्हातारपणाची उधारी



बंगळूरच्या चिकपेटेत कापडाच्या दुकानांत, शिलाईच्या खोल्यांत आणि गोदामांत राबणाऱ्या आपल्या मराठी भाषक बांधवांच्या घरोघरी एकच वाद पेटलेला दिसतो. आईवडील थकले आहेत. घर वडिलांच्या नावावर आहे. एक मुलगा बायकोमुलांसह त्यांच्याजवळ राहतो, बाकीची भावंडे शहराबाहेर किंवा परगावी. जवळ राहणारा म्हणतो, ‘मी सांभाळतो, घर माझे.’ बाहेरचे म्हणतात, ‘तू इतकी वर्षे बिनभाड्याने राहिलास, वाटा सर्वांना सारखा.’ आणि ज्यांच्या छपराखाली हे भांडण चालते, त्या म्हाताऱ्यांना कोणी काही विचारत नाही.

घरगुती भानगडीत संघटनेने का पडावे, असे काही जण विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. हा वाद घरात दिसत असला तरी तो सुरू होतो दुकानाच्या गल्ल्यापाशी.

पेटेतल्या शिंपी, रंगारी, भावसार कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या या व्यवसायात गेल्या. बंगळूर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाही. पण अभिमानाने औषधाचे बिल भागत नाही. चाळीस वर्षे पीसवर कपडे शिवणाऱ्या कारागिराला म्हातारपणी काय मिळते? वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला भविष्यनिर्वाह निधीची सक्ती नाही, आणि दहापेक्षा कमी असतील तर ग्रॅच्युइटीची नाही. मालक हे पक्के ओळखून असतो. एकाच कुटुंबाच्या तीन दुकानांवर तीन पाट्या लागतात आणि हजेरीपटावर माणसे कधीच पुरेशी भरत नाहीत. हातशिलाई आणि साडीला फॉल-बिडिंग करणाऱ्या बायका तर कोणत्याच पटावर नसतात.

ज्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे त्यांचे तरी काय? १९९५ च्या पेन्शन योजनेतील किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले आणि तेव्हापासून तिथेच अडकून पडले आहे. ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागणाऱ्या निवृत्त कामगारांनी महाराष्ट्रात बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत आंदोलने केली. आकडा हलला नाही. असंघटितांसाठी २०१९ मध्ये महिना ३,००० रुपये पेन्शनची योजना गाजावाजा करून आणली. तिच्यात प्रवेश चाळीस वर्षांपर्यंतच्यांना आणि पेन्शन साठीनंतर. म्हणजे त्या वर्षी चाळिशीत असलेल्या कामगाराला पहिला पैसा २०३९ मध्ये! आज सत्तरीत असलेल्या शिंप्याने काय करायचे?

त्याने मुलांच्या तोंडाकडे बघायचे, असे सरकारचे उत्तर आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलामुलींवर टाकली. न्यायाधिकरण त्यांना महिना १०,००० रुपयांपर्यंत देण्याचा हुकूम करू शकते. ही तरतूद वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. टाकून दिलेल्या आईला तिचा आधार आहे, आणि आईबापांना उघड्यावर टाकणाऱ्याची बाजू आमची संघटना कधीही घेणार नाही. पण हिशेब पाहा. गोदामात हमाली करणाऱ्या मुलाकडून १०,००० पर्यंत घेता येतात; ज्या व्यापाराने त्याच्या बापाचे डोळे आणि पाठ झिजवली, त्या व्यापाराकडे एक रुपयाही मागता येत नाही; आणि सरकार स्वतःच्या पेन्शनचा आकडा १,००० ठेवते. मग उपदेश कोणी कोणाला करायचा?

मार्च २०२५ मध्ये कर्नाटकच्या वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांनी बेळगावच्या सरकारी वैद्यकीय संस्थेत दीडशेवर वृद्धांना मुलांनी सोडून दिल्याचे सांगितले आणि अशा मुलांच्या नावे झालेली मालमत्तेची हस्तांतरणे रद्द करण्याची पावले उचलायला सांगितली. बातमी वाचून सर्वांनी हळहळ व्यक्त केली, ‘मुले नालायक निघाली’ म्हणून कपाळावर हात मारला. काही निघाली असतीलच. पण ज्यांच्या नावावर घर नव्हते, मुलांकडेही देण्यासारखे काही नव्हते, त्या वृद्धांसाठी कोणते हस्तांतरण रद्द करणार? निराधार वृद्धांच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिना २०० रुपये आहे. दोनशे रुपयांत नालायक कोण ठरते?

घर म्हणजे पेन्शन नव्हे. पेटेत घराची किंमत वाढली, २०१७ मध्ये चिकपेट मेट्रो स्टेशन आले, खालचा मजला दुकानाला मागणारे दारात उभे राहिले. कागदावर घर सोन्याचे झाले. पण राहत्या घराची भिंत विकून रोजची गोळी आणता येत नाही. जे भाड्याच्या खोलीत राहतात त्यांच्याकडे वाटणीला भिंतही नाही. कर्नाटकच्या १९९९ च्या भाडे कायद्याखाली येणाऱ्या जुन्या भाडेकरूच्या निधनानंतर सोबत राहणाऱ्या वारसाचा हक्क जास्तीत जास्त पाच वर्षे टिकतो.

आता घराच्या आत येऊ. तिथे आपल्यालाही काही बोलले पाहिजे. जवळ राहणाऱ्या मुलाचे भाडे वाचते, हे खरे. बाहेरच्या भावंडांची रात्रीची झोप वाचते, हेही खरे. पण पहिला आकडा सर्वजण मोजतात, दुसरा कोणी मोजत नाही. समजा, तशा खोलीचे भाडे ८,००० रुपये आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी दिवसभराची बाई ठेवायची तर १५,००० लागतात. मग ‘फुकट राहिला’ हा शब्द कोणाला लागू पडतो? आणि आई हिंडती-फिरती, नातवंडे सांभाळणारी, स्वयंपाक करणारी असेल, तर तिने केलेल्या कामाचे काय? हिशेब मांडायचा तर सगळा मांडा.

या हिशेबात जी कधीच दिसत नाही ती म्हणजे सून. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायकांचा दिवसातला वेळ १३७ मिनिटे निघाला, पुरुषांचा ७५. कायद्याच्या व्याख्येत सून ‘अपत्य’ नाही. नवरा हयात असेतो सासऱ्याच्या घरात तिला वारसाहक्काचा वाटा नाही. पण उशाशी रात्र काढते ती. उलट, बंगळूरच्याच एका घरातून सासूसासऱ्यांच्या अर्जावर सुनेला बाहेर काढण्याचा हुकूम याच २००७ च्या कायद्याखाली झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सामाईक घरात राहण्याचा बाईचा हक्क असा परस्पर पुसता येत नाही असे बजावले.

मुलीच्या वाट्याबद्दलही मागे हटायचे कारण नाही. कर्नाटकात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ऑगस्ट २०२० च्या निकालाने उरलीसुरली शंका मिटवली. ‘लग्नात दिले ते दिले’ म्हणून बहिणीची सही घेणाऱ्या भावाने मालकाच्या अन्यायाविरुद्ध घोषणा कोणत्या तोंडाने द्यायची? आणि हक्क सारखा, तर देखभालीतला वाटाही सारखा, पैशाने किंवा हातांनी. हे बहिणींनीही मान्य केले पाहिजे.

म्हणून सभासदांना आमचे सांगणे आहे. आईवडिलांनी हयातीत घर कोणाच्याही नावावर करण्याची घाई करू नये. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र सहज फिरत नाही. करायचेच असेल तर मरेपर्यंत राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट त्याच दस्तात लिहून घ्यावी. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर दस्त रद्द होऊ शकतो. अट लिहिलेली नसेल तर काय होते, यावर २०२२ आणि २०२५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाचा सूर वेगवेगळा लागला. गरिबाने त्या सुरावर आपले छप्पर टांगू नये. भावंडांनी आईवडिलांना समोर बसवून, त्यांच्या मर्जीने, कोण किती पैसे देणार, कोण किती दिवस येणार आणि सांभाळणाऱ्या बाईचे श्रम वाटणीत कसे धरणार, हे कागदावर आणावे. नंतर बाराव्याच्या दिवशी ओरडण्यापेक्षा आज लिहिणे बरे.

पण एवढ्याने भागणार नाही. भावाभावांनी कितीही प्रामाणिक वाटणी केली, तरी दोन रिकाम्या खिशांची बेरीज रिकामीच येते. आमची मागणी आहे की किमान पेन्शन जगण्याइतके करा आणि ते महागाईशी जोडा. छोट्या दुकानांतील आणि पीसवरच्या कामगारांच्या म्हातारपणासाठी पेटेच्या घाऊक व्यापारातून निधी उभा करा. वॉर्डावॉर्डांत घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका नेमा, आणि त्या कामाला कायद्याने ठरलेले वेतन द्या, म्हणजे एका कामगाराच्या आईची सोय दुसऱ्या कामगार बाईच्या पिळवणुकीवर होणार नाही.

म्हातारपणाची ही उधारी मालकाच्या आणि सरकारच्या खात्यावरची आहे. आजवर ती भावाने बहिणीकडे आणि सासूने सुनेकडे मागितली. येत्या सभासद बैठकांत हा विषय घ्या, घरच्या बायकांना सोबत आणा, आणि ती उधारी खऱ्या देणेकऱ्याच्या दारात नेऊन मागा.