रबर बदला, तांबे तपासा

माझदाच्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चे, म्हणजे ‘एफडी’चे, उत्पादन १९९१ साली सुरू झाले आणि २००२ मध्ये थांबले. त्यातली सर्वांत शेवटची गाडीही आता वीस वर्षांहून जुनी आहे. दोन रोटरचे १३०८ सीसीचे इंजिन, एकापाठोपाठ एक कामाला लागणारे दोन टर्बो आणि त्या टर्बोंच्या झडपा उघडमीट करणाऱ्या बारीक व्हॅक्युम नळ्यांचे दाट जाळे ही तिची ओळख. जपानपासून अमेरिकेपर्यंतच्या मालकांपुढे आज एकच पेच आहे. नळ्या कडक झाल्या, सेन्सरच्या तारा थकल्या. मग मूळ रचना जशीच्या तशी दुरुस्त करायची, की अर्धे जाळे उपटून नवा संगणक आणि नवे वायरिंग बसवायचे?

उपटून टाका म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. पहिला टर्बो कमी फेऱ्यांवर हवा भरतो आणि मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. ही अदलाबदल सोलेनॉइड, एकमार्गी झडपा आणि दाब साठवणाऱ्या छोट्या टाक्या यांच्या मेळावर चालते. एक नळी चिरली की दुसरा टर्बो वेळेवर येत नाही. यातला बराच पसारा इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला असतो, वर रोटरी इंजिनाची उष्णता रबराला भाजत राहते. दोन्ही टर्बो एकदमच चालवले, तर बिघडू शकणारे कितीतरी भाग गाडीतून जातात.

पण याची किंमत रोज मोजावी लागते. लहान आकाराच्या या इंजिनात खालच्या फेऱ्यांवर जोर कमी असतो. ती उणीव भरून काढण्यासाठीच माझदाने ही गुंतागुंत पत्करली होती. ती काढली की शहरातल्या वेगाला गाडी सुस्त वाटते. जिथे धुराची तपासणी कडक आहे, तिथे प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढलेली गाडी नापास होऊ शकते. नव्या संगणकाचे ट्यूनिंग कच्च्या हाती गेले, तर इंजिनच जाते.

इंजिन जाण्याचा हा धोका किती खरा आहे, हे गळतीच्या स्वभावावरून कळते. आधीच्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये आत जाणारी हवा मीटरने मोजली जाई. मीटरच्या पुढे गळती झाली, की न मोजलेली हवा आत शिरून मिश्रणात पेट्रोल कमी पडे. एफडीचा संगणक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. त्यामुळे तशीच गळती इथे बहुधा चढलेल्या किंवा हेलकावणाऱ्या आयडलिंगच्या रूपात दिसते. खरी भीती दाबाच्या सेन्सरकडे जाणाऱ्या नळीची. टर्बो जोरात असताना ती गळू लागली, तर सेन्सरला दाब कमी दिसतो आणि संगणक पेट्रोल कमी देतो. मग डेटोनेशन होऊन रोटरच्या टोकांवरचे सील तुटतात. एका स्वस्त नळीपायी संपूर्ण इंजिन उघडावे लागते.

तारांची गोष्ट वेगळी. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो. कनेक्टरच्या पिना गंजल्या तर रोध वाढतो, संगणकाला इंजिन आहे त्याहून थंड वाटते आणि तो जादा पेट्रोल ओततो. एरर कोड सेन्सरकडे बोट दाखवतो, मालक नवा सेन्सर आणतो आणि तक्रार तशीच राहते. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

आमच्या मते निवाडा इथेच आहे. एकाच उष्णतेत, एकाच वयाचे रबर सगळीकडे जवळपास सारखेच कडक होते. आज एक नळी बदलली, तर उद्या शेजारची फुटेल. म्हणून मॅनिफोल्ड एकदा उतरवला की सगळ्या नळ्या बदलाव्यात, एकमार्गी झडपा फुंकून पाहाव्यात, प्रत्येक सोलेनॉइड तपासावे. सिलिकॉनच्या नळ्या उष्णता सोसतात, पण तेल आणि पेट्रोलच्या वाफेने मऊ पडतात. तिथे इंधनाला टिकणारी नळीच हवी. काही नळ्यांत हवेचा प्रवाह आवरणारी बारीक छिद्राची गोळी बसवलेली असते. ती जुन्या नळीबरोबर कचऱ्यात गेली, की बूस्टचे सगळे गणित बिघडते.

तांबे मात्र बहुतेक ठिकाणी शाबूत असते. बिघाड होतो तो वळणावर, कनेक्टरपाशी आणि तापलेल्या भागाजवळ. तिथे मीटर लावून व्होल्टेज किती पडते ते पाहावे, तार हलवून आकडा थरथरतो का ते बघावे आणि तेवढाच तुकडा योग्य अवजाराने क्रिंप करून बदलावा. सोल्डर टाळावे, कारण इंजिनाच्या थरथरीत त्याच्या कडेला तार मोडते. आवरणच सर्वत्र ठिसूळ होऊन गळत असेल, तर इंजिनाजवळचे हार्नेस पूर्ण बदलणे रास्त. पण हा निष्कर्ष तपासणीनंतरचा असावा.

ट्रॅकवर धावणाऱ्या, कमी फेऱ्यांवर फारशा न येणाऱ्या गाडीत जाळे काढणे शहाणपणाचे ठरते; तिथे टर्बोचा उशीर कमी जाणवतो आणि साधेपणा उपयोगी पडतो. रस्त्यावरच्या गाडीने मूळ रचना जपावी. दोन्ही बाबतीत क्रम मात्र तोच. आधी नळ्यांत धूर सोडून गळती शोधणारी स्मोक टेस्ट, मग दाबाखालची चाचणी, कारण काही गळत्या टर्बोचा दाब आल्यावरच तोंड उघडतात. हे दोन्ही निकाल हाती नसताना जो मेकॅनिक जाळे उपटायला सांगतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये.