लोकसंख्या ७० हजार, खेळाडू ४, सुवर्णपदक १: चिमुकले बेट-देश ऑलिंपिकपर्यंत पोहोचतात कसे?

३ ऑगस्ट २०२४ ची संध्याकाळ. पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी होती आणि बहुतेकांच्या नजरा अमेरिकेच्या शाकॅरी रिचर्डसनवर होत्या. पाऊस पडत होता. शर्यत सुरू झाली आणि १०.७२ सेकंदांत संपली. पहिली आली ज्युलियन अल्फ्रेड, देश सेंट लुसिया. रिचर्डसन दुसरी आली.

त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर तिहेरी उडीचं सुवर्णपदक थिया लाफॉन्डने जिंकलं. तिची उडी होती १५.०२ मीटर आणि देश होता डोमिनिका.

दोन्ही देश कॅरिबियन समुद्रातले. दोघांचंही हे ऑलिंपिकच्या इतिहासातलं पहिलंच पदक, आणि तेही थेट सुवर्ण. सेंट लुसियाचं क्षेत्रफळ साधारण मुंबई शहराएवढं आणि लोकसंख्या जेमतेम १ लाख ८० हजार. डोमिनिकाची लोकसंख्या तर ७० हजारांच्या आसपास. (डोमिनिका आणि डोमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत. नावामुळे अनेकांचा घोळ होतो.) पॅरिसला दोन्ही देशांनी प्रत्येकी फक्त ४ खेळाडू पाठवले होते.

आता पॅसिफिक महासागरात जाऊ. तुवालूची लोकसंख्या सुमारे ११ हजार, नाऊरूची सुमारे १२ हजार. दोन्ही देशांतली सगळी माणसं एकत्र बसवली तरी वानखेडे स्टेडियम भरणार नाही. तरीही पॅरिसमध्ये तुवालूचे २ आणि नाऊरूचा १ खेळाडू होता. एकच खेळाडू असलेले देश त्या ऑलिंपिकमध्ये फक्त ४ होते: नाऊरू, बेलीझ, लिक्टनस्टाइन आणि सोमालिया.

एवढ्याशा देशांचे खेळाडू ऑलिंपिकपर्यंत पोहोचतात कसे? सगळ्यांचा रस्ता एकच असतो का?

पात्र ठरण्याचे तीन रस्ते

ॲथलेटिक्सचं उदाहरण घेतलं की हे सोपं होतं.

पहिला रस्ता म्हणजे पात्रता निकष. ठरलेल्या मुदतीत ठरलेली वेळ किंवा अंतर गाठायचं. पॅरिससाठी महिलांच्या १०० मीटरचा निकष होता ११.०७ सेकंद, पुरुषांचा १०.०० सेकंद आणि महिलांच्या तिहेरी उडीचा १४.५५ मीटर.

दुसरा रस्ता जागतिक क्रमवारीचा. निकष अगदी कडक ठेवलेला असतो, कारण साधारण निम्म्या जागा निकषातून आणि उरलेल्या क्रमवारीतून भराव्यात असं गणित असतं. वर्षभर मोठ्या स्पर्धा खेळून गुण मिळवणाऱ्यांना इथून प्रवेश मिळतो.

पण मोठ्या स्पर्धा खेळायच्या तर विमानाची तिकिटं काढावी लागतात. युरोपातला धावपटू रेल्वेने शेजारच्या देशात जाऊन गुण मिळवू शकतो. तुवालूच्या धावपटूला त्यासाठी अर्धं जग ओलांडावं लागतं. म्हणून तिसरा रस्ता आहे 'युनिव्हर्सॅलिटी' जागांचा, म्हणजे बोलीभाषेतल्या वाइल्डकार्डचा. ज्या देशाचा एकही ॲथलीट पहिल्या दोन रस्त्यांनी पात्र ठरत नाही, त्याला आपल्याकडचा सर्वांत चांगला ॲथलीट एका प्रकारात उतरवता येतो. बहुतेक देश त्यासाठी १०० मीटर निवडतात. निकष गाठलेले धावपटू थेट पहिल्या फेरीत धावतात. वाइल्डकार्डवाल्यांना त्याआधी एक प्राथमिक फेरी धावावी लागते. टीव्हीवर ती क्वचितच दिसते. तुवालू आणि नाऊरूचे खेळाडू पॅरिसमध्ये याच १०० मीटरच्या शर्यतीत उतरले होते.

जलतरणातही अशीच सोय आहे. इतर अनेक खेळांत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती, राष्ट्रीय समित्यांची संघटना आणि त्या त्या खेळाचा महासंघ असे तिघं मिळून ही निमंत्रणं देतात. पॅरिसच्या वेळी त्यासाठी अट होती की, आधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक खेळांत त्या देशाचे सरासरी ८ किंवा त्याहून कमी खेळाडू असावेत.

हे बरोबर आहे का?

ऑलिंपिकमधल्या जागा मोजक्या आहेत. पॅरिससाठी मर्यादा होती १०,५०० खेळाडूंची. शिवाय ॲथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त ३ खेळाडू उतरू शकतात. त्यामुळे अमेरिकेच्या निवड चाचणीत चौथा आलेला धावपटू जगातल्या पहिल्या दहा-पंधरात असूनही घरी बसतो आणि त्याच्यापेक्षा सेकंदभर मागे असलेला खेळाडू ऑलिंपिकमध्ये धावतो. टीकाकार विचारतात, ही स्पर्धा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंची आहे की जगातल्या सर्व देशांची?

या वादातलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे एरिक मुसांबानी. २००० साली सिडनीत इक्वेटोरियल गिनीचा हा जलतरणपटू वाइल्डकार्डवर १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरला. तो सराव करायचा हॉटेलच्या छोट्या तलावात. ५० मीटरचा तलाव त्याने पहिल्यांदा पाहिला तो सिडनीतच. त्याच्या गटातले इतर दोघं चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले आणि तो एकटाच पोहला. शेवटच्या टप्प्यात तो बुडतो की काय असं प्रेक्षकांना वाटलं. वेळ लागली १ मिनिट ५२.७२ सेकंद, म्हणजे विजेत्याच्या दुपटीहून जास्त. काहींनी त्याला डोक्यावर घेतलं, काहींनी हा ऑलिंपिकचा पोरखेळ असल्याचं म्हटलं. पुढे मुसांबानी स्वतःच्या देशाच्या जलतरण संघाचा प्रशिक्षक झाला.

आज नियम तेवढे सैल नाहीत. जलतरणातल्या वाइल्डकार्डसाठी खेळाडूने आधी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतलेला असणं अपेक्षित असतं. थोडक्यात, दार उघडं आहे, पण उंबरठा थोडा उंच झाला आहे.

सोयीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही साधा आहे. ज्या देशाचा एकही खेळाडू ऑलिंपिकमध्ये दिसत नाही, तिथल्या सरकारला धावपट्टी बांधायचं कारण उरत नाही आणि मुलांना धावायचं. नाऊरूचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या मार्कस स्टीफन या वेटलिफ्टरला १९९२ साली बार्सिलोनात सामोआकडून उतरावं लागलं, कारण नाऊरूला तेव्हा ऑलिंपिकची मान्यताच नव्हती. १९९६ मध्ये नाऊरूने पदार्पण केलं आणि स्टीफन स्वतःच्या झेंड्याखाली खेळला. २००७ मध्ये तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मग सुवर्णपदकं कुठून आली?

अल्फ्रेड आणि लाफॉन्डची पदकं वाइल्डकार्डची नाहीत. पॅरिसच्या पाच महिने आधी, मार्च २०२४ मध्ये, ग्लासगोतल्या जागतिक इनडोअर स्पर्धेत अल्फ्रेडने ६० मीटरचं आणि लाफॉन्डने तिहेरी उडीचं सुवर्ण जिंकलं होतं. दोघी जगातल्या अव्वल खेळाडू म्हणूनच पॅरिसला गेल्या होत्या.

पण त्या घडल्या कुठे? अल्फ्रेड १४ व्या वर्षी शिक्षण आणि सरावासाठी जमैकाला गेली, नंतर अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात. लाफॉन्ड अगदी लहान असताना कुटुंबासोबत अमेरिकेला गेली आणि मेरीलँड विद्यापीठात शिकली. छोट्या कॅरिबियन देशांच्या यशामागे अमेरिकी विद्यापीठांची शिष्यवृत्ती हा मोठा धागा आहे. प्रशिक्षक, जिम, फिजिओ, दर आठवड्याला स्पर्धा, हे सगळं तिथे एका छताखाली मिळतं.

मायदेशातलं चित्र वेगळं आहे. सेंट लुसियात २००९ साली सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागली आणि रुग्णांना जॉर्ज ओडलम स्टेडियममध्ये हलवावं लागलं. देशाचं मुख्य क्रीडा मैदान पुढची अनेक वर्षं रुग्णालय म्हणून वापरलं गेलं. सुवर्ण जिंकल्यावर अल्फ्रेडने या पदकामुळे देशात नवं स्टेडियम उभं राहावं अशी इच्छा बोलून दाखवली. लाफॉन्डनेही डोमिनिकात ॲथलेटिक्सचं मैदान नसल्याकडे लक्ष वेधलं.

म्हणजे वाइल्डकार्ड देशाला ऑलिंपिकमध्ये घेऊन जातं, पण पदकापर्यंत नेत नाही. पदकासाठी बहुतेकदा खेळाडूला देश सोडावा लागतो.

क्रिकेटमध्ये एक, ऑलिंपिकमध्ये वेगळे

डॅरेन सॅमी आठवतो? २०१२ आणि २०१६ चा टी-२० विश्वचषक जिंकणारा वेस्ट इंडीजचा कर्णधार. तो सेंट लुसियाचाच. क्रिकेटमध्ये ही सगळी बेटं एक संघ म्हणून खेळतात, पण ऑलिंपिकमध्ये 'वेस्ट इंडीज' नावाचा देश नाही. अपवाद १९६० च्या रोम ऑलिंपिकचा. तेव्हा जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोसचे खेळाडू 'ब्रिटिश वेस्ट इंडीज' म्हणून एकत्र खेळले आणि त्यांनी २ कांस्यपदकं जिंकली.

हा फरक २०२८ मध्ये महत्त्वाचा ठरणार आहे. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये टी-२० क्रिकेट आहे आणि पुरुष व महिला गटात प्रत्येकी ६ च संघ आहेत. वेस्ट इंडीजला त्या नावाने तिथे उतरता येत नाही, कारण प्रवेश राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांमार्फत होतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत हीच अडचण आली होती. महिला क्रिकेटमध्ये तेव्हा वेस्ट इंडीजऐवजी एकट्या बार्बाडोसचा संघ खेळला.

स्वतंत्र समिती कोणाला मिळते, यालाही नियम आहे. १९९६ पासून आंतरराष्ट्रीय समुदायाने मान्यता दिलेल्या स्वतंत्र देशांनाच नव्याने प्रवेश मिळतो. बर्म्युडा, ग्वाम, कुक आयलंड्स हे आधीच आत असल्यामुळे टिकून आहेत. टोकियोत बर्म्युडाच्या फ्लोरा डफीने ट्रायथलॉनचं सुवर्णही जिंकलं. पॅसिफिकमधलं निउए मात्र राष्ट्रकुल स्पर्धेत दिसतं, ऑलिंपिकमध्ये नाही.

झेंडा राहील, पण जमीन?

पॅसिफिकमधल्या देशांपुढचा प्रश्न याहून गंभीर आहे. तुवालूला ऑलिंपिकची मान्यता मिळाली २००७ मध्ये आणि पदार्पण झालं २००८ च्या बीजिंगमध्ये. तिथे मोकळी सपाट जागा इतकी कमी आहे की, राजधानी फुनाफुटीत विमान येणार नसेल तेव्हा धावपट्टीवरच लोक फुटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतात. आणि समुद्राची पातळी वाढते आहे.

किरिबाटीच्या डेव्हिड काटोआटाऊ या वेटलिफ्टरने रिओत वजन उचलल्यानंतर मंचावर नाच केला होता. तो व्हिडिओ जगभर गंमत म्हणून फिरला. त्याला मात्र हवामान बदलामुळे धोक्यात आलेल्या आपल्या देशाकडे लक्ष वेधायचं होतं.

२०२३ मध्ये तुवालूने राज्यघटना बदलून, जमीन बुडाली तरी देश कायम राहील असं नमूद केलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार झाला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात स्थायिक होता येईल. २०२५ मध्ये पहिल्या सोडतीसाठी नोंदणी सुरू झाली, तेव्हा देशाच्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांची नावं त्यात आली. यातली मुलं ऑस्ट्रेलियाच्या मैदानांवर धावायला शिकतील. उद्या ती कोणत्या झेंड्याखाली उतरतील, याचं उत्तर खेळाच्या नियमपुस्तकात तयार नाही.

पदकतालिका उलटी वाचली तर

पॅरिसनंतर लोकसंख्येच्या प्रमाणात पदकं मोजणाऱ्या याद्यांमध्ये पहिला होता ग्रेनाडा. ६ खेळाडू, २ कांस्यपदकं. त्यातलं एक भालाफेकीत अँडरसन पीटर्सचं. भारतीय प्रेक्षकांना तो चांगला माहीत आहे. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत त्यानेच नीरज चोप्राला मागे टाकून सुवर्ण जिंकलं होतं. पॅरिसमध्ये मात्र नीरजला रौप्य मिळालं आणि पीटर्सला कांस्य. ११७ खेळाडूंच्या भारतीय पथकाने ६ पदकं आणली, सुवर्ण एकही नाही.

पण या याद्या जपून वाचायला हव्यात. छोट्या देशाला एक पदक मिळालं की तो थेट वर जातो आणि नाही मिळालं की शून्यावर राहतो. तुवालू, नाऊरू, किरिबाटी, पलाऊ, वानुआतू, आणि १९८८ पासून ऑलिंपिक खेळणारा आपला शेजारी मालदीव, यांच्या खात्यात आजवर एकही पदक नाही. एका अल्फ्रेडमागे असे अनेक देश आहेत.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. यातले बरेचसे देश तेव्हा भारतात येतील. उद्घाटनाच्या संचलनात चार-पाच जणांचं पथक झेंडा घेऊन काही सेकंदांत पुढे निघून जाईल. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे एक प्रश्न असेल: परत गेल्यावर सराव करायला घरी मैदान आहे का? त्या देशातून पुढची अल्फ्रेड येणार की नाही, हे वाइल्डकार्डच्या नियमापेक्षा याच उत्तरावर ठरेल.