गाडी थरथरते, पण नेमकी कधी?

बारा वर्षांची हॅचबॅक. शहरात विनातक्रार चालते. हायवेला लागून काटा ऐंशीच्या पुढे गेला, की स्टेअरिंग कधी थरथरते, कधी नाही. मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो. मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि सांगतो, ‘‘साहेब, काहीच नाही.’’ पुढच्या रविवारी थरथर पुन्हा हजर. मग बॅलन्सिंग होते, मग अलाइनमेंट, मग दोन नवे टायर, मग ॲक्सल. बिले वाढत जातात आणि शेवटी ‘जुनी गाडी म्हटल्यावर एवढे चालायचेच’ असे म्हणून विषय मिटवला जातो.

हे वाक्य खिशाला महाग पडते आणि कधीकधी जिवावरही बेतू शकते. अधूनमधून येणारी थरथर लहरी नसते. ती ठरावीक परिस्थितीतच येते. फक्त ती परिस्थिती कोणी नोंदवलेली नसते.

डॉक्टरांना हा प्रश्न रोजचाच. रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा ताप उतरलेला असतो, छातीतली धडधड थांबलेली असते. तरीही डॉक्टर ‘काहीच नाही’ म्हणून परत पाठवत नाहीत. ताप रोज येतो की एक दिवसाआड, धडधड जिना चढताना होते की झोपेत, हे विचारतात. गरज वाटली तर हृदयाचे ठोके चोवीस तास नोंदवणारे यंत्र लावतात. गाडीच्या बाबतीत मात्र ही विचारपूस टाळून थेट सुट्या भागांवर उडी घेतली जाते.

खरे तर गाडी माणसापेक्षा अधिक नेमके उत्तर देते. तिच्यात फिरणाऱ्या वस्तू मोजक्या आणि प्रत्येकीची गती वेगळी. लहान गाडीच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर असतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १२ फेऱ्या घेते. उभ्या गाडीत चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला सुमारे २७ ज्वलने होतात. त्यामुळे दोष चाकाकडे आहे की इंजिनाकडे, हे बरेचदा एका साध्या प्रयोगातून कळते. मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्यायचा. थरथर तशीच राहिली, तर कारण चाकाच्या बाजूला; बदलली, तर इंजिनाच्या बाजूला. साध्या मोबाइलमधला त्वरणमापकही आता सेकंदाला किती हादरे बसतात ते दाखवू शकतो.

ऐंशीच्याच आसपास थरथर का, यालाही कारण आहे. चाकाच्या कडेला ५० ग्रॅमचा असमतोल असेल, तर या वेगात तो सुमारे ५ किलो वजनाएवढ्या जोराने चाकाला हिसके देतो. चाळिशीच्या वेगात हा जोर पाव होतो, कारण तो वेगाच्या वर्गानुसार वाढतो. शिवाय सस्पेन्शनवर टांगलेल्या चाकाची स्वतःची नैसर्गिक कंपने सेकंदाला साधारण १० ते १५ असतात. फिरण्याचा वेग त्या टापूत आला, की झोक्याला नेमक्या क्षणी धक्का बसावा तसे होते. नव्या गाडीतले रबरी बुश हे हिसके बऱ्यापैकी शोषून घेतात. जुन्या गाडीत ते कडक झालेले, चिरलेले असतात. म्हणून ‘बॅलन्सिंग करूनही हलते’ ही तक्रार खोटी नसते. असमतोल थोडा, पण तो दाबणारे रबर संपलेले, असे दोन दोष एकत्र नांदत असतात.

मग सरळ रस्त्यावर, एकाच वेगात थरथर येते-जाते ती कशी? दोन्ही पुढच्या चाकांत थोडा असमतोल असला आणि टायरच्या व्यासात १ मिलिमीटरचा फरक असला, तरी पुरते. कधी दोघांचे हिसके एकाच क्षणी पडतात, कधी एकमेकांना मारून टाकतात. ऐंशीच्या वेगात हे चक्र सुमारे पाऊण मिनिटात पुरे होते. गॅरेजच्या गल्लीत मारलेल्या फेरीत ते दिसणार कसे?

बाकीच्या कारणांच्याही अशाच वेळा आहेत. खंबाटकीचा घाट उतरताना ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग हलत असेल, तर संशय ब्रेकच्या डिस्कवर. ॲक्सिलरेटर दिल्यावर थरथर आणि पाय काढताच शांतता, तर ॲक्सलच्या आतल्या जॉइंटवर. सिग्नलला एसी चालू असताना केबिन हलत असेल, तर इंजिनाच्या माउंटिंगवर. चार दिवस उभी राहिलेली गाडी पहिले काही किलोमीटरच हलत असेल, तर टायर एका जागी चपटा झालेला. आणि पावसाळ्यात चिखलातून आल्यावर रिमच्या आत गाळ वाळून बसतो. तो काही दिवसांनी आपोआप गळून पडतो आणि त्याआधी बदललेल्या भागाला फुकटचे श्रेय मिळते.

सगळा दोष मेकॅनिकवर ढकलणेही बरोबर नाही. आपल्याकडे बिल बनते ते बसवलेल्या पार्टचे. अर्धा दिवस घालवून कारण शोधणाऱ्याला, पार्ट विकला नाही म्हणून, शंभर रुपये देतानाही मालक कुरकुरतो. डॉक्टरांची तपासणी फी देणारा समाज गाडीच्या तपासणीला किंमत देत नाही. मग अंदाजाने पार्ट बदलणे हाच धंद्याचा मार्ग उरतो. निदानाचे पैसे वेगळे आणि आधी ठरवून घेण्याची पद्धत रुजली, तर दोघांचाही फायदा आहे. मालकाने आपल्याकडून नोंद द्यायला हवी: वेग, गिअर, ब्रेक की ॲक्सिलरेटर, गाडी गार की तापलेली, थरथर स्टेअरिंगमध्ये की सीटखाली. नोंद शेजारी बसलेल्याने करायची, चालवणाऱ्याने नव्हे. मग मेकॅनिकला सोबत घेऊन त्याच रस्त्यावर, त्याच परिस्थितीत फेरी मारायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तपासायचे.

काही वेळा मात्र नोंदी करत बसायचे नसते. थरथर अचानक सुरू झाली, झपाट्याने वाढली किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर गाडी सावकाश बाजूला घेऊन थांबवायची. टायरला फुगा आला असेल, चाकाचे नट सैल असतील किंवा बॉल जॉइंट खिळखिळा झाला असेल, तर पुढच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा मोहही नको. चाक काढून बसवल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळून घेणे, टायरवरच्या चार आकड्यांतून त्याचे वय पाहणे (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे), ही दहा मिनिटांची कामे आहेत.

जुनी गाडी चालवणे ही अनेक घरांची गरज आहे, हौस नव्हे. अशा घराला चुकीचा पार्ट परवडत नाही आणि दुर्लक्ष तर त्याहून नाही. त्यामुळे पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘काय बदलायचे?’ असे विचारण्याआधी ‘हे कधी होते?’ याचे उत्तर कागदावर तयार असले पाहिजे.