शिर सलामत राहावे म्हणून

हेल्मेट हा शब्द निघाला की आपल्याकडे आधी आठवते ती सक्ती. पुण्यात तर या सक्तीवरून वर्षानुवर्षे इतके वाद रंगले की हेल्मेट डोके वाचवण्यासाठी नसून दंड वाचवण्यासाठी असते, असाच अनेकांचा समज होऊन बसला. हा समज रस्त्यावर घातक आहेच. पण मोटारींच्या ट्रॅकवर तो त्याहूनही घातक ठरू शकतो.

हे सांगण्याचे कारण म्हणजे आपल्या तरुण मंडळींमध्ये रुजू लागलेली एक नवी हौस. शर्यत जिंकण्यासाठी नव्हे, तर निव्वळ वेगाच्या आनंदासाठी आपली मोटार घेऊन बंदिस्त ट्रॅकवर जायचे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे असा ट्रॅक आहे, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, आणि २०११ ते २०१३ या काळात जिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या ते ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किटही आहे. द्रुतगती मार्गावर इतरांचे जीव टांगणीला लावण्यापेक्षा ही हौस शतपटीने बरी. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की लाखो रुपयांच्या मोटारीत बसताना डोक्यावर काय चढवायचे? घरातले स्कूटरचे हेल्मेट बरोबर घेतले की काम भागले, असे अनेकांना वाटते. ते भागत नाही.

दुचाकीच्या हेल्मेटसाठी आपल्याकडे आयएसआय मानक आहे आणि जून २०२१ पासून या चिन्हाविना ते विकता येत नाही. परंतु ते मानक दुचाकीस्वारासाठी आहे. दुचाकीस्वार अपघातात गाडीवरून फेकला जातो आणि त्याचे डोके रस्त्यावर आपटते. मोटार चालवणारा मात्र पट्ट्यांनी आसनाशी बांधलेला असतो. गाडी उलटली तर त्याचे डोके छताखालच्या त्याच पोलादी नळीवर पुन्हा पुन्हा आदळू शकते, आणि गाडीने पेट घेतला तर त्याला क्षणात बाहेर पडता येत नाही. धोका वेगळा, म्हणून कसोटीही वेगळी.

ही वेगळी कसोटी ज्या संस्थेमुळे रूढ झाली, तिचा जन्मच एका हौशी चालकाच्या मृत्यूतून झाला. विल्यम ऊर्फ पीट स्नेल हा अमेरिकन हौशी शर्यतपटू १९५६ मध्ये गाडी उलटून डोक्याला झालेल्या इजेने मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, पण ते त्याला वाचवू शकले नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या मित्रांनी डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांच्या साथीने त्याच्या नावे संस्था काढली आणि हेल्मेट खरोखर किती आघात सोसते हे प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. आज हेल्मेटच्या आतल्या अस्तराखाली ‘स्नेल’चे लेबल सापडते. त्यावर ‘एम’ असेल तर ते मोटारसायकलचे; ‘एसए’ असेल तर मोटारशर्यतीचे. ‘एसए’ हेल्मेटची आगीची परीक्षा झालेली असते आणि नळीवरच्या आघाताचीही. ‘एम’ हेल्मेटला या दोन्ही परीक्षा नसतात. ही आवृत्ती साधारण पाच वर्षांनी बदलते, त्यामुळे अक्षरांपुढचे सालही पाहून घ्यावे. एफआयए या जागतिक संघटनेचे ८८५९ क्रमांकाचे मानकही मोटारशर्यतीसाठीच आहे.

मात्र लेबल बरोबर असले म्हणजे निवड बरोबर झाली असे नाही. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर विश्वविजेता निकी लाउडाची गाडी धडकून पेटली, तेव्हा हेल्मेट त्याच्या डोक्यावरून निसटले आणि चेहरा ज्वाळांसमोर उघडा पडला. तो वाचला, सहा आठवड्यांत शर्यतीतही परतला, पण भाजल्याच्या खुणा जन्मभर राहिल्या. डोक्यावर न टिकणारे हेल्मेट कितीही नामांकित असले तरी काय उपयोगाचे?

म्हणून माप महत्त्वाचे. भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा. हेल्मेट घातल्यावर गाल दोन्ही बाजूंनी दाबले गेले पाहिजेत. ते हाताने फिरवले तर कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. हनुवटीचा पट्टा बांधून कुणाला तरी मागची कड धरून पुढे ओढायला सांगावे. निसटले तर ते हेल्मेट आपले नव्हे. चष्मा असेल तर तो लावून पाहावा. पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर ठेवूनही एकाच ठिकाणी ठणकत असेल, तर आकार जुळत नाही. पुढे सैल होईल म्हणून लहान किंवा सोयीचे म्हणून मोठे, असा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट मानेची. डेल अर्नहार्ट हा नावाजलेला अमेरिकन शर्यतपटू १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे भिंतीवर धडकून गेला, तो कवटीच्या तळाचे हाड मोडल्यामुळे. धड पट्ट्यांनी जखडलेले आणि डोके मात्र पुढे झेपावणारे, अशा वेळी सगळा ताण मानेवर येतो. तो रोखणारे ‘हान्स’ नावाचे खांद्यावरचे उपकरण रॉबर्ट हबार्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच तयार केले होते. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचे झाले. त्याचे पट्टे हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना अडकतात, म्हणून तशी सोय असलेलेच हेल्मेट घ्यावे. मात्र हे उपकरण खांद्यावरून येणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यांबरोबर वापरायचे असते, घरच्या मोटारीतल्या नेहमीच्या पट्ट्याबरोबर नव्हे.

आता खर्चाचे. चांगले ‘एसए’ हेल्मेट स्कूटरच्या हेल्मेटच्या कितीतरी पट महाग पडते. मग जुने घेऊ, मित्राचे मागून नेऊ, असा विचार मनात येतो. तो टाळावा. हेल्मेटच्या कवचाखाली थर्माकोलसारखा थर असतो. तो स्वतः चिरडून आघात पोटात घेतो, आणि हे काम तो एकदाच करू शकतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या हेल्मेटने आत एकदा मार खाल्ला आहे की नाही, हे विकत घेणाऱ्याला कळत नाही. घाम, ऊन आणि वय यांनीही अस्तर झिजते. म्हणून पाचेक वर्षांनी ते बदलावे, असा स्नेल संस्थेचाच सल्ला आहे. रंगीबेरंगी चित्रे आणि कार्बनचे कवच यांवर पैसे नाही घालवले तरी चालेल. मानक आणि माप यांत काटकसर नको.

आयोजकांचीही जबाबदारी आहे. प्रवेशद्वारावर ‘हेल्मेट आणले का?’ एवढेच विचारून भागणार नाही. कोणत्या मानकाचे, कोणत्या सालचे आणि कसे बसते, हे तपासल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडू नये. आणि घरच्यांनीही, नव्या टायरांची आणि इंजिनाची कौतुके ऐकताना, एकदा ते हेल्मेट हातात घेऊन अस्तराखालचे लेबल पाहावे. शिर सलामत तर पगडी पचास, असे आपण सहज म्हणतो. ट्रॅकवर मात्र शिर सलामत राहणे पुष्कळदा पगडीच्या निवडीवर अवलंबून असते. मुलाच्या हौसेला नाही म्हणू नका. पण त्या हौसेच्या खर्चात पहिला आकडा हेल्मेटचा असू द्या.